कॅनडावाले अण्णा

अण्णा डोळे मिटून माणसं निवडत. समोर बसलेल्या उमेदवाराला ते म्हणत, "तुमच्या घरापासून बसस्टॉपपर्यंत मला घेऊन चला. मी बघत नाही, तुम्ही दाखवा." मग खुर्चीत मागे रेलून खरंच डोळे मिटत. एखादा नुसतं "सरळ जाऊन डावीकडे वळा" म्हणाला, की त्याला कॉफी पाजून निरोप देत. मी देवनहळ्ळीची. किल्ल्याच्या भिंतीलगतचं आमचं घर, ओट्यावर वाळत घातलेली चिंच, कोपऱ्यावर कायम आडवी बसलेली म्हैस, असं सांगत मी निघाले. अण्णा मधेच म्हणाले, "स्वल्प थांब. म्हशीला वळसा घालू दे मला." नोकरी मिळाली, हे मला तिथेच कळलं.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. कॅनडातल्या एका कंपनीने अंगणातला बर्फ उपसायची यंत्रं बनवायची आणि ती कशी चालवायची याच्या इंग्रजी पुस्तिका आम्ही हेब्बाळमध्ये बसून लिहायच्या, असा तो कारभार होता. यंत्रांची चित्रं फोनच्या तारेतून आमच्या कॉम्प्युटरवर येत, आमचं लिखाण त्याच तारेतून परत जाई. माणसं नेमण्यापासून कॉफीच्या चवीपर्यंत सगळं अण्णांच्या हाती. बर्फ म्हणजे आम्हाला ठाऊक होता तो उसाच्या रसातला.

अण्णांनी कॅनडा पाहिला नव्हता. पासपोर्टसुद्धा काढला नव्हता. तरी ते निम्मे तिकडेच राहत. फेब्रुवारीच्या टळटळीत उन्हात ऑफिसच्या खिडकीतून समोरच्या तळ्याकडे बघत ते म्हणत, "आज पीटरच्या गल्लीत फार बर्फ. बिचाऱ्याची गाडी निघायची नाही." पीटर म्हणजे तिकडचा साहेब. एवढं बोलून अण्णा खांद्यावरची शाल घट्ट करत. मी हसले की म्हणत, "हसतेस काय? आपलं वाचणारा गारठलेला असतो. आपणही स्वल्प गारठायला नको?" सकाळी तळ्यावर धुकं उतरलं, बगळे दिसेनासे झाले, की मलाही वाटे, पलीकडच्या काठावर कॅनडाच सुरू होतो.

त्यांचे पूर्वज तीनेकशे वर्षांपूर्वी घोड्यांवर बसून महाराष्ट्रातून इथे कानडी मुलखात आले, आणि इथलेच झाले. "आमच्या घराण्याचं चालून झालंय. आता कुणी हलायचं नाही," असं अण्णा म्हणत. माणसं आपापल्या घरी राहतील आणि त्यांचं काम समुद्र ओलांडेल, हे त्यांचं लाडकं स्वप्न. आम्हाला त्याची गंमत वाटे.

मग माझी आई अंथरुणाला खिळली. घरात आम्ही दोघीच. मी दिवसभर हेब्बाळला, शेजारीण अधूनमधून डोकावे तेवढंच. नोकरी सोडली तर औषध कुठून आणायचं, न सोडली तर आईला पाणी कोण देणार? शेवटी एक दिवस राजीनामा घेऊन अण्णांसमोर उभी राहिले. त्यांनी कागदाची घडी घालून तो मला परत दिला. मग म्हणाले, "कॉम्प्युटरच तुझ्या घरी गेला तर?" असलं काही तेव्हा कुणी ऐकलंसुद्धा नव्हतं. मला रडूच फुटलं.

संध्याकाळी, म्हणजे तिकडे उजाडताना, त्यांनी पीटरला फोन लावला. साहेबाचा आवाज मला समोर बसून ऐकू येत होता. "मी ऑफिसला काम दिलंय, कुणाच्या घराला नाही. नजरेआडच्या माणसावर विश्वास कसा ठेवायचा?"

अण्णा शांतपणे म्हणाले, "पीटर, तुम्ही आमचं ऑफिस तरी कुठे पाहिलंय? आम्ही सगळेच तुमच्या नजरेआड. ही मुलगी आणखी एक बस आड जाईल, एवढंच."

"आणि काम बिघडलं तर?"

"तर मलाही काढा."

मी दचकले. अण्णांच्याही घरी खाणारी तोंडं होती. पलीकडे पीटर कबूल झाला. अण्णांनी फोन ठेवून कपाळ पुसलं. "सरी, ठीक झालं. तिकडे उन्हाळा लागलेला दिसतोय," म्हणाले.

टेलिफोनच्या कचेरीत खेटे घालून त्यांनी आमच्याकडे फोन आणवला. कॉम्प्युटर मात्र ते स्वतः टॅक्सीतून, मांडीवर धरून घेऊन आले. आईला म्हणाले, "अक्का, आजपासून आमचं ऑफिस तुमच्या घरात. गडबड करायची नाही हं." आई कित्येक दिवसांनी हसली. मग मी बाहेरच्या खोलीत बर्फाबद्दल लिहायची आणि ती आतून विचारायची, "आज किती पडला गं?" मी म्हणायची, "गुडघाभर." की ती पांघरूण वर ओढून घेई. बाहेर चिंचेवर ऊन तापत असे. ते दिवस फार सुखाचे होते.

पुढे कंपनीने काम दुसरीकडे नेलं. अण्णा म्हैसूरला मुलीकडे राहायला गेले आणि तिथेच वारले. ते म्हैसूरला निघाले तेव्हा मी त्यांच्या पाया पडले, पण त्यांनी माझ्यासाठी काय केलं ते मला बोलून दाखवता आलं नाही. आता घरून काम करण्याचं कुणाला नवल वाटत नाही. लोक त्यातल्या सोयी सांगतात, मी ऐकून घेते.

आई त्याआधीच गेली होती, एका साध्या सकाळी. यंत्राचं पातं कसं बदलायचं, ते मी लिहीत होते. आतून तिने हाक मारली. तिच्यापाशी पोचायला मला फक्त खुर्चीवरून उठावं लागलं.