चौदा नंबरची सोबतीण

सहदेवमामांवर मी रोज खेकसायचे, खोटं कशाला बोलू? खडवलीच्या आमच्या संशोधन केंद्रात मेंढ्या सांभाळणारा हा माणूस सुट्टीच्या दिवशीही हजर! मूलबाळ नाही, आणि बायको, मंजुळामामी, जाऊन वर्ष झालेलं. "घरी जा की हो मामा, पडा जरा," म्हटलं की म्हणायचे, "पडतो गं शीला. झोप नाय येत."

आमचं काम झोपेचंच. आमच्या मेंढ्या जन्मतःच एक दोष घेऊन येतात, पुढे हळूहळू त्यांचा मेंदू झिजतो. माणसांनाही असे आजार होतात, म्हणून हा खटाटोप. झिजेची पहिली खूण झोपेत दिसते का, ते शोधायचं. मेंढीच्या डोक्याला तारा लावून रात्रभर नोंद घ्यायची, सकाळी ती मी कॉम्प्युटरवर वाचायची. नियम एकच पक्का: मेंढीला एकटं ठेवायचं नाही, एकटी ती झोपत नाही. शेजारच्या कप्प्यात तिची सोबतीण हवीच. माझ्या फॉर्मवर तसा रकानाच आहे.

गेल्या महिन्यात चौदा नंबरच्या मेंढीची झोप पार उडाली. सलग तीन रात्री टक्क जागी. आमच्या मुख्य डॉक्टर कल्पिता मॅडम गुरुवारी माझा फॉर्म बघून म्हणाल्या, "आजार सुरू झाला. शनिवारी इंजेक्शन देऊन संपवू हिला, मेंदू तपासायला लागेल."

"आजारी नाय ती. एकटी पडलीय," मामा म्हणाले.

"तुम्हाला मॅडमपेक्षा जास्त कळतं का?" मी फाडकन् बोलले.

शुक्रवारी सकाळी नोंद उघडली आणि चाटच पडले. चौदा नंबर तासन्‌तास शांत झोपलेली! कॅमेऱ्याचं चित्रण लावलं. शेजारच्या कप्प्यात मेंढी नव्हतीच. तिथे गोणपाटावर सहदेवमामा बसलेले, पाठ जाळीला टेकवून. जाळीपलीकडे चौदा नंबर त्यांना खेटून. दोघंही गाढ झोपेत.

माझं डोकंच फिरलं. तशीच शेडमध्ये गेले. "मामा, सोबतीण कुठाय?"

"लंगडत होती. सोमवारीच उपचाराला नेली. सांगितलेलं मी तुला, तू फोनवर होतीस."

रोज मी सवयीने 'सोबतीण आहे' अशी खूण करून मोकळी झाले होते. एकदाही कप्प्यात डोकावले नव्हते. माझ्या तीन खुणांपायी चांगलं धडधाकट जनावर उद्या मरणार होतं. इतकी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

मॅडमना जाऊन सगळं सांगितलं. त्यांनी मला असं झापलं की विचारू नका, वर मेमोही दिला. पण शनिवारचं रद्द झालं. आधीच्या नोंदी बाद करून नव्याने घ्यायच्या ठरल्या.

मी धावतच शेडमध्ये आले. "मामा, वाचली हो तुमची चौदा नंबर! संध्याकाळी नवी सोबतीण येतेय शेजारी. तुम्हाला काही बसायला नको आता."

मामांचा चेहरा फुलला. जाळीतून बोट घालून त्यांनी तिचा कान खाजवला. मग खाली वाकून गोणपाट झटकलं, त्याची घडी घातली आणि ती हातात धरून तसेच उभे राहिले.

"बरं झालं गं पोरी," ते म्हणाले. "पण वर्षभरात काल पहिल्यांदा डोळा लागलेला माझा. आता मी कुठे झोपू?"