पुलावरचा सामुराई

पहिल्या हिवाळ्यात त्याचे पाय घोट्यापर्यंत दगडाचे झाले, तेव्हा तो "ठीक आहे" एवढंच म्हणाला. पुढच्या हिवाळ्यात दगड गुडघ्यापर्यंत चढला. तेव्हा म्हणाला, "बरं झालं. आता पायांना थंडी वाजत नाही." असा माणूस मी दुसरा पाहिला नाही. तसं यालाही पाहिलेलं नाही, कारण तो माझ्या नातीनं, सईनं, रचलेल्या गोष्टीत होता. पण बराच काळ तो रोज दुपारी आमच्या परदेशातल्या, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये असायचा. त्याच्याबद्दल लिहायला बसले की गेलेल्या माणसाबद्दल लिहितात तसंच लिहिलं जातं. हे बरोबर की चूक, मला कळत नाही.

सई तेव्हा सेकंडरी शाळेत होती. मुलगा कंपनीच्या बसनं जुरोंग आयलंडला कामावर गेलेला असायचा, सून बँकेत. शाळेतून आली की सई माझ्यासमोर जेवायला बसायची आणि फोनवर इंग्रजीत लिहिलेलं मला मोडक्यातोडक्या मराठीत सांगायची. त्याचं जपानी नाव लांबलचक होतं. माझ्या तोंडात ते बसेना, म्हणून मी त्याला पुलावरचा म्हणायचे. पुढे सईही तेच म्हणायला लागली.

त्याची हकीकत साधी होती. त्याचा धनी लढाईला जाताना म्हणाला, "मी परत येईपर्यंत पूल सोडणार नाहीस, माझी शपथ आहे तुला." धनी लढाईत मेला. हे सगळ्या गावाला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. तरी तो पुलावर उभाच. आणि त्या नदीला शाप होता. पुलावर फार दिवस थांबेल तो हळूहळू दगड होणार, पुलावरून उतरला की पुन्हा माणूस.

"मग उतरत का नाही मेला?" मी विचारलं.

"लॉयल लाह, आजी." इथल्या पोरांसारखं तीही वाक्याला "लाह" जोडायची.

"अगं, पण ज्याच्यासाठी उभा आहे तोच नाही ना?"

"तेच तर."

तेच तर म्हणजे काय, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं. त्याला गावातला एक म्हातारा हेच विचारतो, असं सईनं एकदा सांगितलं. त्यावर तो म्हणाला, "धनी येणार नाहीत हे मला ठाऊक आहे. पण मी 'तुम्ही येणार असाल तर' म्हणालो नव्हतो, 'उभा राहतो' म्हणालो होतो." त्या दिवशी माझी भाजी करपली.

नदीवर धुकं आलं की त्यातून बिनचेहऱ्याचे घोडेस्वार यायचे. तो एकटा त्यांना अडवायचा. तलवार फार चालवायचा नाही. एकदा, फार तर दोनदा. मग ती बाहीला पुसून म्यानात घालायचा आणि पडलेल्यांना वाकून नमस्कार करायचा. मला ते विचित्र वाटलं. सई म्हणाली, तो म्हणतो, "यांनाही कुणीतरी पाठवलंच असेल."

मी एकदा विचारलं, "त्याला जेवायला कोण देतं?"

"आजी, ते इम्पॉर्टंट नाही."

"इम्पॉर्टंट कसं नाही? उपाशी माणूस तलवार कशी उचलेल?"

सईनं कपाळावर हात मारला. पण दुसऱ्या दिवशी गोष्टीत एक बाई आली आणि पुलाच्या टोकाला भात ठेवून गेली. त्यानं भाताला आधी नमस्कार केला म्हणे. मला बरं वाटलं, आणि कशानं बरं वाटलं ते समजेना.

"हा माणूस तुला सुचला कुठून गं?" मी विचारलं.

"तुझ्यावरून."

मी हसले. विळीशिवाय माझ्या हाताला धारेचं काही माहीत नाही. "काहीतरीच तुझं," मी म्हणाले.

"तुला विचारलं, पाय दुखतोय का, तर काय म्हणतेस? ठीक आहे. इथे बोअर होतं का? ठीक आहे. गावची आठवण येते का? ठीक आहे." तिनं माझा आवाज काढून दाखवला. मी ताट उचलून आत गेले.

तिसऱ्या हिवाळ्यात दगड छातीपर्यंत आला. सई म्हणाली, आता शेवट, पुढच्या धुक्यात तो पूर्ण दगड होणार, आणि लोक त्याला फुलं वाहणार. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती खूशही दिसत होती. मी मात्र हातातला घास ताटात ठेवला.

"अगं, त्याला कुणी सुटली म्हणालं नाही का?" मी विचारलं.

"सुटली म्हणजे?"

मग मी तिला सांगितलं. लहानपणी आम्ही एकमेकींना शपथ घालायचो. ज्याला घातली तो अडकून पडायचा. घालणारा "सुटली" म्हणाला की मोकळा.

"एकच वर्ड? दॅट्स ऑल?"

"एकच. पण ज्यानं घातली त्यानंच म्हणायचं."

"तो मेलाय, आजी."

"त्या धन्याची आई असेल ना? मुलानं घातलेली शपथ आई सोडवू शकते." आमच्याकडे खरंच असं चालायचं की नाही, आता आठवत नाही. तेव्हा तोंडातून निघून गेलं.

सई फोन घेऊन माझ्याजवळ आली. "आई चालत पुलावर आली. आता काय म्हणेल? तू म्हण, मी लिहिते."

मला लाज वाटली. घरात दुसरं कुणी नव्हतं, तरी मी आधी दाराकडे पाहिलं. मग म्हणाले, "सुटली रे बाबा. सुटली."

सई भराभर लिहीत होती. मग थांबली.

"उतरला का?" मी विचारलं.

"उतरला. दगड गळून पडला. त्यानं तलवार आईच्या पायाशी ठेवली. आणि विचारलं, 'आता मी कुठे उभा राहू?'"

"मग ती काय म्हणाली?"

"तू सांग ना. तू आई आहेस."

मी उठून ताटं गोळा करायला लागले. सईनं थोडी वाट पाहिली आणि लिहिलं की तो रस्त्यानं निघून गेला.

त्यानंतर तिनं त्याच्याबद्दल काही लिहिलं नाही. मी अधूनमधून विचारायचे, "कुठवर पोचला पुलावरचा?" ती म्हणायची, "आजी, तो फ्री झाला. स्टोरी फिनिश लाह." मग परीक्षा आल्या, मैत्रिणी आल्या, ती शाळेतच जेवून यायला लागली.

मोकळा झालेला माणूस संपतो कसा, हे मला उमगलेलं नाही. दगड झाला असता तर निदान कुठे आहे ते माहीत असतं, लोकांनी फुलं वाहिली असती. मी त्याला वाचवला की घालवला? सईला विचारलं तर ती हसेल, आणि मुलाला हे कसं विचारायचं?

त्यानं विचारलं तेव्हा "बस जरा" एवढं तरी म्हणायला हवं होतं. पण इतका काळ दगड असलेले गुडघे, ते वाकले असते की नाही, कुणास ठाऊक.