बाहुलीच्या छातीतला फुगा

आमच्या कॉलेजातल्या रबरी बाहुलीचं फुप्फुस मी फोडलं. हे गेल्या महिन्यापर्यंत कोणालाच सांगितलं नव्हतं. लग्न ठरलं तेव्हा नवऱ्याला बाकीचं बरंच सांगून टाकलं होतं, हे मात्र गिळलं.

कॉलेज म्हणजे बोईसरमधल्या एका इस्पितळाच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नव्वद सालच्या आसपासची गोष्ट. श्वास अडलेल्या माणसाला मशीनवर कसं ठेवायचं आणि जन्मून न रडणाऱ्या बाळाला श्वास कसा द्यायचा, हे तिथे शिकवायचे. आम्ही अकरा जणी. आम्ही शिकून नक्की काय होणार हे घरी कोणालाच कळत नव्हतं. माझे वडील शेजाऱ्यांना सांगायचे, "हवा भरायचं शिकते." शेजाऱ्यांची समजूत, मी सायकलच्या दुकानात लागले.

व्हेंटिलेटर एकच, तोही कुठूनतरी वापरून झालेला. त्याच्या नळीला हातमोजा बांधला की प्रत्येक श्वासाला मोजा पाच बोटं पसरून उभा राहायचा आणि मग मान टाकायचा. त्याला आम्ही पुढारी म्हणायचो. कोणी दारातून आत आलं की पुढारी आशीर्वाद द्यायला तयार. आम्हाला शिकवणाऱ्या मॅडमनी एकदा पाहिलं. त्या पूर्वी मोठ्या इस्पितळात सिस्टर होत्या आणि आवाज कधी चढवायच्या नाहीत, म्हणून भीती जास्त वाटायची. म्हणाल्या, "भाषण संपलं असेल तर धडा सुरू करू."

बाहुलीही एकच. तिच्या छातीत जाड रबरी पिशवी होती. तोंडावर मास्क नीट बसवायचा आणि दुसऱ्या हाताने अंबू बॅग, म्हणजे हवा ढकलायची फुगीर पिशवी, दाबायची. दाब बरोबर पडला तर छाती उचलायची. किती दाबायचं हे पुस्तकात वाचून येत नाही, हाताला कळावं लागतं. त्या बाहुलीवरच ते कळायचं.

एका दुपारी मॅडम जेवायला गेल्या होत्या. मी पैज लावली की बाहुलीला शिट्टी वाजवायला लावते. ऑक्सिजनची नळी सरळ तिच्या तोंडात घातली आणि नॉब फिरवला. शिट्टी वाजली नाही. फट् झालं. जिच्याशी पैज लावली ती काय फुटलं हे न बघताच पळाली. मी संध्याकाळी बाजारात फुगेवाल्याकडून पिवळा फुगा घेतला आणि दुसऱ्या दिवशी सगळ्यांच्या आधी येऊन बाहुलीच्या छातीत बसवला. त्यावर मोराचं चित्र होतं. ते आतल्या बाजूला गेलं, एवढीच त्यातली शिस्त.

फुगा पातळ. दोन बोटांनी चिमटा काढावा तसं दाबलं तरी बाहुलीची छाती टुणकन वर. सगळा वर्ग खूश. माझ्या शेजारी बसायची ती तर म्हणाली, "हिला नुसतं बघितलं तरी श्वास घेते गो."

ती किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली, स्वतःच्या बोटी असलेल्या घरातली. तिच्या आईची दोन मुलं जन्मून रडलीच नव्हती. त्यामुळे तिला फक्त बाळांच्या खोलीत काम हवं होतं, दुसरं काही नको. इस्पितळात नवजात कक्ष उघडायचा होता आणि आमच्यातली एकच तिथे घेणार होते. तिचा हात सगळ्यात हलका म्हणून मॅडमनी तिचं नाव जवळजवळ पक्कं केलं होतं. दुसरं नाव माझं.

मग एका सकाळी प्रसूतीच्या खोलीत एक मूल न रडता आलं. मॅडमनी बॅग तिच्या हातात दिली. तिने मास्क सुरेख बसवला आणि बाहुलीला दाबायची तशी दोन बोटांनी बॅग दाबली. छाती हललीच नाही. पुन्हा दाबली. नाही. मॅडमनी बॅग काढून घेतली, चार बोटांनी दाबली, दोन-तीन श्वासांत छाती उचलू लागली आणि थोड्या वेळाने बाळ रडलं. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. तिचा सोडून.

मी बाजूला उभी होते. आधीच्या जाड पिशवीवर बसलेला माझा हात शाबूत होता, फुगा खोटा आहे हे मला एकटीलाच माहीत होतं. पुढच्या आठवड्यात माझी पाळी आली, मी बरोबर दाबलं. मॅडम म्हणाल्या, "शाबास."

पण त्याच्याही आधीचं सांगायचं आहे. तेच सांगताना पेन अडतं.

तिची फजिती झाली त्याच दुपारी मी तो पातळ फुगा काढला. मॅडम बाहुली तपासतील ही भीती. त्या जागी एकात एक असे तीन फुगे घालून जुन्या पिशवीइतकं घट्ट केलं. संध्याकाळी ती स्वतःहून बाहुलीजवळ आली. दोन बोटांनी दाबलं. छाती उठली नाही. तिने आपल्या हाताकडे पाहिलं आणि मला म्हणाली, "कालपर्यंत उठत होती ना गो? माझा हातच गेला बघ."

मी म्हटलं, "दमली असशील."

दुसऱ्या दिवशी तिने मॅडमना जाऊन सांगितलं, बाळांच्या खोलीत मला नका घेऊ. ती जागा मला मिळाली. तिने पुढे मोठ्यांच्या मशीनवर नोकरी केली, आणि चांगली केली.

गेल्या महिन्यात मी तिच्या घरी गेले. दारात सोललेल्या कोळंबीचे सोडे वाळत होते. चहा होईपर्यंत सगळं सांगून टाकलं, मोरासकट. तिचा चेहरा वाचता येईना. मोराशी आल्यावर तिला हसू फुटलं, मग ते थांबलं.

"म्हणजे माझ्या हाताला काय नाय झालेला?"

"काहीच नाही."

"आनी मी तीस वरसं पोरांना घाबरून उचलते, आता नातवंडांनाबी."

तिने चहा तसाच ठेवला आणि चपला पायात घातल्या. मॅडम अजून पालघरला असतात, ऐंशीच्या घरात आहेत, हे तिला ठाऊक होतं.

पालघरच्या रिक्षात तिने मला मॅडमना सांगायचं वाक्य घोकायला लावलं. मी म्हटलं, "मॅडम, माझ्याकडून एक चूक झाली."

"झाली नाय. केली म्हण," ती म्हणाली. "आनी पयलं माझं नाव घे. तिचा हात बरा होता, हे पयलं. मोर मागून."

वाटेतलं उमरोळी मागे पडेपर्यंत मी तीनदा चुकले. प्रत्येक वेळी तिने पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावलं.