गार खोलीचे प्रभारी

आमच्या कॉलेजात कॉम्प्युटरच्या आधी त्याचा गारवा आला. संगणकशास्त्राचा विभाग काढायला विद्यापीठाने परवानगी दिली, तेव्हा पत्रात दोन अटी होत्या. यंत्रासाठी थंड आणि बिनधुळीची खोली तयार ठेवावी, आणि जूनच्या आत विभागप्रमुख नेमावा. यंत्र यथावकाश मिळेल, असं अगदी शेवटच्या ओळीत होतं. संस्थेने यातली सोपी अट आधी उरकली. भूगोलाचे नकाशे जिन्याखाली गेले, त्यांच्या खोलीला नवा रंग लागला आणि खिडकीत एअरकंडिशनर बसला. सोलापुरात तेव्हा थिएटर सोडलं तर असा गारवा कुठे मिळत नसे, आणि थिएटरातही तो नव्या सिनेमाच्या पहिल्या आठवड्यापुरताच असे.

मी गणिताचा हंगामी व्याख्याता होतो. पुण्यात दोन महिन्यांचा कॉम्प्युटरचा कोर्स करून आलो होतो, एवढ्या भांडवलावर गावात मला तज्ज्ञ समजत. विभाग सुरू झाला की तुम्हाला तिथे कायम करू, असं प्राचार्यांनी सांगितलं होतं. नाही सुरू झाला तर जूनमध्ये घरी. घरी बायको होती आणि सहा महिन्यांची मुलगी. त्यामुळे विभागप्रमुख मिळावा म्हणून सबंध सोलापुरात एकटा मीच देव पाण्यात घालून बसलो होतो.

खोलीच्या दारावर मी पाटी रंगवली, ‘पादत्राणे बाहेर काढावीत.’ कारण धूळ. पण जिथे चपला काढायच्या तिथे हात जोडायचे, ही आमची जुनी सवय. संस्थेचे अध्यक्ष पहिल्या दिवशी आत आले ते रिकाम्या टेबलाला नमस्कार करून आणि नारळ वाढवूनच. ते सुताचे व्यापारी, दुकान शुक्रवार पेठेत. नारळाचं पाणी टिपेपर्यंत त्यांना खोलीचा खरा महिमा कळला. “लई गार हाय की,” ते म्हणाले आणि खाली बसले.

ते जे बसले ते बसलेच. दुसऱ्या दिवसापासून संस्थेच्या सगळ्या बैठका त्या खोलीत होऊ लागल्या. ज्या संस्थेची वर्षातून दोनदा बैठक होत नसे, तिची आठवड्यातून चार वेळा होऊ लागली. यंत्रासाठी लाकडी चौथरा केला होता, त्यावर जेवणानंतर अध्यक्ष चादर अंथरून आडवे होत. उपाध्यक्ष वकील होते, ते पेपर वाचता वाचता डुलक्या घेत. कोणी भेटायला आलं तर प्राचार्य बाहेर येऊन, साहेब कॉम्प्युटरच्या कामात आहेत, असं गंभीरपणे सांगत. मीही काहीतरी निमित्त काढून तिथे जात असे, हे कशाला लपवू? मे महिन्यात सोलापुरात राहिलेला माणूस मला दोष देणार नाही.

विभागप्रमुखासाठी स्थानिक पेपरात जाहिरात दिली. छापखान्यात खिळे जुळवणाऱ्याला ‘संगणकशास्त्र’ हा शब्द चुकलेला वाटला. त्याने आपल्या जबाबदारीवर ‘सं’ काढून टाकला आणि ‘गणकशास्त्राचे विभागप्रमुख पाहिजेत’ असं छापलं. गणक म्हणजे ज्योतिषी, तेव्हा पहिला अर्ज मोहोळहून आला, पंचांग करणाऱ्या एका गृहस्थांचा. त्यांनी सोबत अध्यक्षांची पत्रिकाही मागवली होती. अध्यक्षांनी ती पाठवलीही. दुसरा अर्ज सांगोल्याच्या टायपिंग क्लासच्या मालकांचा. पंचांगवाल्यांनाच घ्यावं, असं उपाध्यक्षांचं मत पडलं, कारण यंत्र कधी येणार ते तरी त्यांना सांगता येईल. ते चेष्टेत म्हणाले असतील असं मी आजवर धरून चाललो आहे.

तिसरा अर्ज येईना, तेव्हा मी माझ्या एका वर्गमित्राला पत्र लिहिलं. तो सोलापूरचाच, विणकराचा मुलगा, घरी तेलुगू बोलणारा. गणितात आमच्या सगळ्यांच्या पुढे. तो मुंबईत खऱ्याखुऱ्या कॉम्प्युटरवर काम करत होता. पहिल्या पत्राला त्याने नाही म्हटलं. मी आणखी दोन लिहिली. तिसऱ्याला उत्तर आलं, वडिलांना आता दिसत नाही, माग बंद पडलाय, तू म्हणतोस तर येतो. ते पोस्टकार्ड मी बायकोला वाचून दाखवलं. त्या दिवशी आमच्याकडे शिरा झाला.

मुलाखत अर्थातच गार खोलीत झाली. त्याने पाटी वाचायच्या आधीच बूट काढले, त्यामुळे संस्कार चांगले आहेत, असं प्राचार्य माझ्या कानाशी पुटपुटले. पण तो टेबलापाशी आला आणि त्याने त्यावरून बोट फिरवून धूळ पाहिली.

वडील काय करतात, हा पहिला प्रश्न. त्यावरून तो जकार्ड मागाच्या कार्डांवर आला. कार्डात भोक असेल तिथला दोरा उचलला जातो, नसेल तिथला खाली राहतो, त्यातून चादरीवर मोर उमटतो. कॉम्प्युटरलाही आपण भोकांच्या कार्डांतूनच काम सांगतो. मी पुण्यात दोन महिने घालवून जे समजलो नव्हतो, ते सुताच्या व्यापाऱ्याला दोन मिनिटांत समजलं. अध्यक्ष चौथऱ्यावर सरसावून बसले. हा तर आपल्या मागाचाच भाऊ निघाला की, म्हणून त्यांनी मांडीवर थाप मारली. उपाध्यक्षांनी पेपर बाजूला ठेवला. झालं, मी मनात म्हटलं, विभागप्रमुख मिळाला, मी कायम झालो.

मग अध्यक्षांनी सहज विचारलं, “मशीन आल्यावर आमी हितं बसायचं की न्हाय?”

मी डोळ्यांनी खुणावलं. त्याने माझ्याकडे पाहिलंही. पण लबाडीची खूण त्याला कॉलेजातही कधी कळली नव्हती.

“नाही बसता येणार,” तो म्हणाला. “घामाने कार्डं फुगतात. खोलीला कुलूप राहील, आणि किल्ली विभागप्रमुखाकडे.”

उपाध्यक्षांनी पेपर पुन्हा उचलला.

त्याला बाहेर बसायला सांगितलं आणि दोष सापडू लागले. आवाज बारीक आहे. लग्न झालेलं नाही. मुंबईची सवय लागलेली आहे. घर गावातच, म्हणजे दुपारचं जेवायला पळणार. आम्ही सगळे ज्या खोलीत दुपारी झोपत होतो, तिथेच हा आक्षेप घेतला गेला. मी दोनदा तोंड उघडलं. तेवढ्यात प्राचार्यांनी नियमांच्या पुस्तकात बोट घालून सांगितलं की, योग्य उमेदवार न मिळाल्यास कॉलेजातल्याच कोणाला तरी प्रभारी विभागप्रमुख नेमता येतं, आणि प्रभाऱ्याला कायम करायलाही हरकत नाही. सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

“सर,” अध्यक्ष म्हणाले, “तुमी काय कुलूप लावणार न्हाय न्हवं?”

मी म्हणालो, “नाही.”

बैठकीचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडे होतं. माझं अक्षर चांगलं. ‘योग्य उमेदवार मिळाला नाही,’ हे वाक्य मी वळणदार अक्षरात लिहिलं. त्याची लाज मला आज वाटते. तेव्हा गार वाटत होतं.

बाहेर व्हरांड्यात तो बाकावर नुसत्या पायमोज्यांनी बसला होता. बूट त्याने अजून घातले नव्हते, पुन्हा आत बोलावतील म्हणून. काय झालं, त्याने विचारलं. कळवतील, मी म्हटलं. तो बुटाच्या नाड्या बांधून उन्हातून घराकडे गेला.

मी कायम झालो. यंत्र पुढची कित्येक वर्षं आलं नाही, पण विभाग चालला. मी फळ्यावर खडूने कार्डांची चित्रं काढून शिकवलं, आणि दुपारी बारा ते तीन आवाज हळू ठेवला. निवृत्त झालो तोवर नावापुढचं ‘प्रभारी’ कोणी काढलं नाही, मीही कधी मागे लागलो नाही.

जूनच्या शेवटी मुंबईहून त्याचं अंतर्देशीय पत्र आलं होतं. पत्त्यावर माझ्या नावाखाली त्याने ‘विभागप्रमुख’ असं लिहिलं होतं. अभिनंदन केलं होतं, आणि मनापासून केलं होतं, तो तसाच होता. वडिलांना मुंबईला घेऊन आलोय, त्यांना इथे करमत नाही, एवढंच घरचं. खाली एक ओळ होती, ‘मी कुठे कमी पडलो तेवढं कळव, पुढच्या वर्षी जागा निघाली तर तयारी करून येतो.’

ते पत्र मी गार खोलीत वाचलं. चौथऱ्यावर अध्यक्ष झोपले होते, म्हणून आवाज न करता घडी घातली. उत्तर लिहायचं राहून गेलं, असं मी लोकांना सांगतो. ते राहून गेलं नव्हतं.