माईकआप्पांच्या आवाजाचे हक्क

सामना सुरू होण्याआधी माईकआप्पा खेळाडूंच्या नावांची यादी पुन्हापुन्हा वाचायचे. राहू, भांडगाव, पार शिरूरपर्यंत कुठंही कबड्डीच्या स्पर्धा असल्या की कॉमेंट्रीला आप्पाच असायचे, आणि तरीही दरवेळी पहिल्यांदाच माईक हातात घेणाऱ्यासारखे घाबरलेले असायचे. मंडपामागं जाऊन ते एकेका खेळाडूला नाव विचारायचे, स्वतः उच्चारून दाखवायचे, मग पुन्हा विचारायचे. पोरं हसायची, पण आप्पा हसायचे नाहीत. "एकदा एका पोराचं नाव चुकलो," ते सांगायचे. "त्याची आई टेबलापाशी आली. भांडली न्हाई, नुसती उभी राह्यली. तवापासनं धास्ती हाय."

मी राहू गावचीच, त्यामुळं तो आवाज लहानपणापासून कानात. लग्न होऊन कारेगावला आले. पुढं नवऱ्यानं, प्रशांतनं, कारखान्यातली नोकरी सोडली आणि आम्ही दोघं घरूनच मोबाइलवरचे गेम बनवायला लागलो. प्रोग्रॅमिंग त्याचं, चित्रं माझी. कबड्डीचा गेम करायचं ठरलं तेव्हा कॉमेंट्री कुणाची, हा प्रश्नच नव्हता.

टीव्हीवरच्या मोठ्या लीगमधले खेळाडू आम्हाला गेममध्ये हवे होते. त्यासाठी परवानगी मागितली होती आणि ती मिळेल या भरवशावर कामाला लागलोही होतो. उत्तर आलं ते नकाराचं. संघांची नावं, खेळाडूंची नावं, चेहरे, जर्सी, सगळ्याचे हक्क गेम बनवणाऱ्या एका मोठ्या कंपनीनं घेतले होते आणि करार एक्स्क्लुझिव्ह होता. म्हणजे दुसऱ्या कुणाला पैसे भरूनही ते मिळणार नव्हते. प्रशांतनं हे आप्पांना दोनतीनदा समजावलं. मग आप्पा म्हणाले, "म्हंजी कुस्तीच्या फडात एकच पैलवान उतरणार, आन् दुसऱ्यानं लंगोट बी बांधायचा न्हाई?"

असे गेम करणारे आमच्यासारखे छोटे लोक एक पळवाट काढतात. नावातलं एखादं अक्षर बदलायचं, जर्सीचा रंग जरा फिका करायचा. प्रशांतनं तशी नावं तयार केली. भिंतींना गाद्या टेकवून, पंखा बंद करून आम्ही आप्पांना माईकसमोर बसवलं. त्यांनी पहिलं नाव वाचलं, घाम पुसला आणि कागद खाली ठेवला. ते चिडले नव्हते, उलट ओशाळल्यासारखे झाले होते. "पाव्हणं, मला जमंना," ते प्रशांतला म्हणाले. "नसलेल्या माणसाला हाक कशी मारू?"

त्यावर उपाय त्यांनीच काढला. आपल्या दौंड आणि शिरूर तालुक्यांतले खेळाडू घ्यायचे, खऱ्या नावांनी, त्यांना विचारून. विचारायला ते माझ्याबरोबर गावोगाव हिंडले. कुणी लगेच हो म्हणालं, कुणाच्या वडिलांनी दारातच उलटतपासणी घेतली. आमच्या जिवाला मात्र स्वस्थता नव्हती. मोठ्या कंपनीनं उद्या गावच्या खेळाडूंनाही बांधून घेतलं तर? आप्पा मोटारसायकलवर मागं बसून हाच प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत राहायचे.

गेम बाजारात आला. फार चालला नाही, पण दौंड-शिरूरकडं लोकांनी तो डोक्यावर घेतला. आप्पांचा आवाज कुणीतरी सोशल मीडियावर टाकला आणि तो लांबवर गेला. त्यानंतर भांडगावच्या स्पर्धेला त्या मोठ्या कंपनीची एक तरुण बाई आली. खेळाडूंकडं तिनं पाहिलंही नाही. तिला आप्पा हवे होते. कंपनीच्या गेमची मराठी कॉमेंट्री आप्पांनी करायची, मात्र पुढची काही वर्षं दुसऱ्या कुठल्याच गेमला आवाज द्यायचा नाही.

मैदानाच्या बाहेर आप्पांना कधीच कुणी बोलावलं नव्हतं. टीव्हीवरच्या खेळाडूंची कॉमेंट्री करण्याची त्यांची इच्छा मला माहीत होती. घरी आल्यावर मी प्रशांतला म्हटलं, आपण अडवायचं नाही. तोही तेच म्हणाला, पण त्या दिवशी दोघांनाही जेवण गेलं नाही. आप्पा गेले असते तर आमच्याकडं उरलं काय असतं? आम्ही आप्पांना सांगितलं की जा. ते म्हणाले, "तू म्हणतीस म्हणून न्हाई, मलाबी जायचंच हाय."

करार वाचायला ते आमच्याकडं आले. मी एकेक कलम मराठीत सांगत गेले. एका कलमाशी त्यांनी मला थांबवलं. रेकॉर्ड केलेल्या आवाजावरून कंपनी कॉम्प्युटरवर नवी वाक्यं आणि नवी नावं बनवू शकेल, असं त्यात होतं.

"म्हंजी मी न बोललेली नावं बी माझ्याच आवाजात?"

"हो आप्पा."

"आन् मला न विचारता? एखादं चुकलं तर?"

कंपनीच्या त्या बाईला त्यांनी फोन लावला. प्रत्येक नाव आधी ऐकवाल का, एवढंच विचारलं. ती नम्रपणे बोलली, पण दर हंगामात एवढे खेळाडू येतात, तसं शक्य नाही म्हणाली. आठवडाभरानं आप्पांच्या बायकोचा, आक्कांचा, मला फोन आला की हे जेवत नाहीत. शेवटी त्यांनी सही केली नाही.

यात आप्पांना काही मोठेपणा वाटला नाही. कंपनीचा गेम आला तेव्हा आमच्या घरी बसून त्यांनी तो ऐकला. दुसऱ्याच एकाचा आवाज होता, दमदार आणि स्वच्छ. "माझ्यापरीस बरा बोलतोय," ते म्हणाले. मग जरा वेळानं, "मी चुकलो का गं पोरी?" मी चहा ठेवायला उठले.

पुढं लीगचे हक्क दुसऱ्याच कंपनीकडं गेले आणि तो गेम बंद पडला. ते ऐकायला आप्पा नव्हते. छातीत दुखतंय म्हणून दौंडला नेलं, तिथून ते परत आले नाहीत. दहाव्याला गावोगावचे खेळाडू आले होते. आप्पांच्या रेकॉर्ड केलेल्या आवाजाचं काय करू, असं मी आक्कांना विचारलं. त्या म्हणाल्या, "हाय तेवढा ऱ्हाऊ दे. नवं काय घालू नगंस."

परवा शिरूरहून एक बाई आल्या. त्यांची मुलगी यंदा जिल्ह्याच्या संघात निवडली गेली आणि आमच्या गेममध्येही आली. बाकीच्यांची नावं आप्पा घेतात, तिचं नाव कुणीच घेत नाही. ती चढाईला निघाली की नुसता गर्दीचा आवाज येतो. बाईंनी पर्समधून मोबाइल काढून मला ते ऐकवलं. आप्पांच्या आवाजात तिचं नाव घालता येईल का, असं त्यांनी विचारलं. प्रशांत म्हणाला, कॉम्प्युटरवर तासाभराचं काम आहे.

मी नाही म्हटलं. आक्का काय म्हणाल्या तेही सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. "तिला आप्पांचं लई कौतुक होतं," एवढं म्हणाल्या आणि निघाल्या. त्या रस्त्याला लागेपर्यंत मी दारातच उभी होते. हाक मारून त्यांना परत बोलवावं, असं दोनदा मनात आलं.