गच्च उगवलेली बशी

आता माझ्या अकलेचं काय सांगू तुम्हाला! अख्ख्या वॉर्डात पेढे वाटले मी. कशाचे? ऐका तर.

दादा बैलगाडीवरून पडला, पाय मोडला, म्हणून आमच्या केम गावाहून त्याला सोलापूरच्या दवाखान्यात आणलं. ऑपरेशन झकास झालं. पण वॉर्डातच कुठला तरी जंतू जखमेत शिरला. इंजेक्शनं टोचून दंडाची चाळण झाली, तरी पू थांबेना. डॉक्टरांनी तो तपासायला धाडला. नेणारा कोण? मीच!

"मामा, ह्याचं काय करणार?" तपासणीच्या खोलीतल्या मामांना मी विचारलं.

"बशीत पेरणार. वर ह्या कागदाच्या टिकल्या ठेवणार. हरेक टिकलीत येगळं औषध हाय. कसं उगवतंय बघू, मग कळंल कुटलं औषध चालतंय."

पेरायचं, उगवायचं! दुसरीतून शाळा सोडली तरी एवढं मला कळतं की.

दोन दिवसांनी सकाळीच पळत गेलो. मामांच्या हातात काचेची बशी. काय दाट उगवलं होतं म्हणता! पार टिकल्यांच्या अंगाला भिडलं होतं. तिळाएवढं टक्कल नाही. असं रान आमच्या सात पिढ्यांनी पाहिलं नसेल!

मामा तोंड उघडतायत तोवर मी पेढ्यांच्या दुकानात.

"दादा, सगळी औषधं उगवली! बरा झालास तू!"

"सगळी?" किती दिवसांनी हसला तो! "मग मला दोन पेढे दे की रं."

तेवढ्यात सिस्टर आल्या. "कशाचे पेढे?"

"बशी गच्च उगवली बाई! टिकलीपतोर!"

त्यांनी मला दाराबाहेर ओढलं. "अरे बाबा, उगवले ते जंतू! औषध चाललं असतं, तर टिकलीभोवती गोल मोकळी जागा राहिली असती. एकीच्याही भोवती नाही?"

तोंडातला पेढा गिळू की थुंकू? आत दादा शेजारच्या खाटेला सांगत होता, "धाकटा लई पळतोय माझ्यापायी."

त्याला खरं सांगायला मी आत गेलोच नाही. उद्या सांगू, परवा सांगू. आठव्या दिवशी सांगायला दादाच उरला नाही.

यंदा पेरणी एकट्यानं केली. पाभरीच्या चाड्यात बी सोडणारी मूठ कायम दादाची असायची. माझ्या हातानं ज्वारीत मधोमध गोल टक्कल पडलंय. शेजारचे तात्या बांधावरून ओरडले, "हे काय रं केलंस, येड्या?"

काय सांगू त्यांना? बशीत पायजे हुतं, तात्या. मी रानात पाडलं.