गच्चीवरचा तंबू

सत्तरीनंतर औषधांसारखे किस्सेही उशाशी साठत जातात. कुठला कधी घ्यायचा, ते मात्र कळत नाही. बोरिवलीतल्या आमच्या कॅम्पिंग ग्रुपचे किस्से सांगायला मी योग्य माणूस आहे का, शंकाच आहे. पण माधव सांगणार नाही, म्हणून मी सांगतो.

माधवची बायको सुधा विसरायला लागली होती. तिला एकदा जंगलात तंबूत राहायचं होतं. "ती मला ओळखतेय तोवर नेतो रे," माधव म्हणाला. त्या एका वाक्यावर आम्ही सगळे म्हातारे कॅम्पिंग शिकायला लागलो!

*

शिकवायच्या शैलाताई. जन्म ट्रेकिंगमध्ये गेलेला. क्लास आमच्याच बिल्डिंगच्या गच्चीवर. काँक्रीटमध्ये खुंट्या कशा ठोकणार? मग तंबूच्या दोऱ्या विटांना बांधायच्या.

पहिला सराव कॅम्प गोराईला, ओळखीच्यांच्या वाडीत. जेट्टीवर माधवची सॅक कोणालाच उचलेना. शैलाताईंनी उघडली, तर आत विटा!

"तंबूला लागतात ना?"

"अहो माधवराव, तिथे जमीन आहे!"

सुधा डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. माधव तिच्याकडेच बघत होता.

*

मी फिजिक्समधला पीएचडी. दोरीच्या घर्षणावर आधी भरपूर वाचलं, मगच गोराईला गाठ मारली. शैलाताईंनी जरा ओढून पाहिली आणि अख्खा तंबू खाली!

"सर, थिअरी उभी आहे, तंबू पडला!"

सुधा आतच होती. कापडाखालून आवाज आला, "लाइट कोणी घालवली?"

आम्ही खो खो हसलो. कापड उचललं तेव्हा ती हवेत दिव्याचं बटण चाचपडत होती. मग कोणी हसलं नाही.

*

त्याच कॅम्पला सुधाने छोट्या स्टोव्हवर चहा केला. पाकासारखा गोड. आम्ही बहुतेक डायबेटिक, तरी प्यायलो. "झकास, वहिनी!"

कप विसळून ती म्हणाली, "बसा हं, चहा टाकते."

पुन्हा प्यायलो. पुन्हा झकास. माधव तेवढा उठून खाडीकडे बघत उभा राहिला.

*

जंगलाची ट्रिप ठरली आणि डॉक्टरांनी नाही म्हटलं. "कुठे निघून गेल्या तर?"

शैलाताई माधवला म्हणाल्या, "आपण गच्चीवरच करू या ना कॅम्प."

"गच्ची तिने बघितलीय हो," माधव म्हणाला.

*

ट्रिप राहूनच गेली. मागच्या आठवड्यात दुपारी त्यांच्याकडे गेलो होतो. सुधा खिडकीशी बसली होती. माधव तिच्या शेजारी, हात हातात घेऊन. अचानक तिने गळ्यातली शिट्टी फुंकली.

माधव मला म्हणाला, "शैलाताईंचा नियम. हरवलात तर फिरायचं नाही. एका जागी बसून शिट्टी वाजवायची. बाकी सगळं गेलं बघ, हे राहिलंय."

मग तिला म्हणाला, "अगं, मी इथेच आहे."

"तुम्ही नाही हो. आमचे हे. त्यांना ऐकू जाईल. येतील ते."

माधव उठला. बूट घातले, सॅक पाठीला लावली, बाहेर जाऊन दार ओढून घेतलं. बेल वाजली. मी दार उघडलं.

"सुधा! सापडलीस गं!"

तिने शिट्टी खाली ठेवली.

"केवढा उशीर! मी जागची हललेसुद्धा नाही."